जीपचा ब्रेक आणि माझा पाय

आमच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची मला मनाई होती. एक मामंजींची हिशेबाची वही आणि दुसरी त्यांची जीप. वहीवरची मनाई मामंजी गेल्यावर आपोआप उठली, कारण हिशेब मलाच लागतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जीपवरची मात्र पुढे बरीच वर्षं टिकली. त्यामागे कुणाची वाईट बुद्धी नव्हती. "तुझ्या पायात तेवढा जोर नाही," एवढंच हे म्हणायचे. आणि ते खरंच होतं.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. लग्नात आमचे काका म्हणाले होते, मुलगी पवारांच्या एका गादीखालून उठून दुसऱ्या गादीखाली चालली. घरात मराठी, बाजारात माळवी आणि मंदिरात हिंदी, असं आमचं दोन्हीकडचं राहणं. सोनकच्छच्या बाजूला थोडी शेती आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती अशी चिकटते, की चप्पल पायातून निघून मागेच राहते. त्या शेतासाठी मामंजींनी जीप घेतली. १९८७ची, डिझेलवर चालणारी, एक दांडा ओढला की पुढची चाकंही कामाला लागणारी. सोयाबीनची पोती, खताच्या गोण्या, लग्नाचं वऱ्हाड, एकदा तर बाळंतपणाला निघालेली शेजारीण, सगळं तिनं वाहिलं.

चढायला ती कधी मागे हटली नाही. प्रश्न असायचा थांबण्याचा.

२००३मध्ये मी एकदा हट्टानं ती चालवून पाहिली. छोट्या मोटारीचं लायसन मला होतंच. शेताच्या मोकळ्या जागेत पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, छान वाटलं. मग समोर फाटक आलं. मी ब्रेक दाबला, तर पेडल भिंतीसारखं घट्ट. शेवटी सीटवरून अर्धी उठून, स्टिअरिंगला धरून, अंगाचं सगळं वजन उजव्या पायावर टाकलं, तेव्हा कुठे फाटकापासून हातभर अंतरावर जीप उभी राहिली. हे काही बोलले नाहीत. गडी मात्र हसला, आणि तो विषय तिथंच संपला. पुढची कित्येक वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून नुसती पत्र्यावर पाय दाबत राहिले. माझ्या बाजूची रबरी चटई टाचेखाली घासून पार पातळ झाली होती.

जुन्या जीपच्या चारही चाकांत ड्रमचे ब्रेक असतात. युद्धकाळात अमेरिकी सैन्यासाठी जी जीप बनली तिच्यापासून चालत आलेली ही मांडणी. ड्रम म्हणजे आडवा धरलेला पसरट लोखंडी डबा, तो चाकाबरोबर फिरतो. आत अर्धचंद्रासारखे दोन 'शू', त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेलं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं शू बाहेर सरकतात आणि डब्याच्या आतल्या अंगावर घासतात. पावसाळ्यात नाला ओलांडला की डब्यात पाणी शिरतं. मग पुढचा थोडा वेळ ब्रेक नावालाच. मामंजी नाल्यातून बाहेर आले की पेडलवर हलका पाय ठेवून जीप चालवायचे, लायनर वाळवायचे. मला वाटायचं ही त्यांची सवय आहे. ते शहाणपण होतं हे फार उशिरा कळलं.

पाण्याहून वाईट उष्णता. त्याचा अनुभव आम्ही नोव्हेंबर २०१९मध्ये घेतला.

सासूबाईंना बावनगजाला न्यायचं होतं. बडवानीजवळ डोंगरात कोरलेली आदिनाथांची ८४ फुटांची मूर्ती. त्यांनी ती तरुणपणी पाहिली होती, पुन्हा पाहायची होती. छोटी मोटार नेमकी दुरुस्तीला गेलेली, म्हणून जीप काढली. दर्शन झाल्यावरच अन्न घेईन, असा सासूबाईंनी सकाळी नियम घेतला. सूर्यास्तानंतर तर त्या तसंही जेवत नाहीत. म्हणजे घड्याळ आमच्या मागे लागलेलं. त्यात महूच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर. ह्यांनी हँडब्रेक ओढला, जॅक लावला, आणि चाक जमिनीवरून सुटताक्षणी जीप हळूच पुढे सरकली! आमच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या शाफ्टवर आहे. मागचं एक चाक अधांतरी झालं की तो धरतच नाही. मी धावत जाऊन पुढच्या चाकाखाली दगड घातला. तेव्हापासून पायाशी एक लाकडी ठोकळा कायम असतो.

तासभर तिथे गेला. मग मानपूर सोडलं आणि गणेश घाट लागला. माळव्याचं पठार संपून रस्ता निमाडात उतरतो तो हा घाट. मुंबई-आग्रा रस्त्यानं गेलेल्यांना तो माहीत असेल. मालट्रकांचे ब्रेक निकामी होऊन इथे इतके अपघात झाले, की धार जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव नेहमीचंच. २०२४च्या अखेरीला तिथे कमी उताराचा नवा रस्ता सुरू झाला. आम्ही गेलो तेव्हा जुनाच होता.

हे घाईत होते. टॉप गिअर तसाच ठेवून ब्रेकवर पाय दाबत उतरत राहिले. निम्म्या उतारावर मला वास आला. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला करपल्याचा वास सगळ्यांच्या आधी येतो. रिकाम्या तापल्या तव्यावर रबर टाकल्यासारखा वास. मी म्हटलं, "अहो, काहीतरी जळतंय." ते म्हणाले, "ट्रकचं असेल." पुढच्या वळणावर त्यांचा पाय थेट पत्र्यापर्यंत गेला.

नंतर कळलं ते असं. डबा तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनर फार तापलं की त्याची पकडच सुटते. आणि ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललं नसेल, तर त्यानं हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. ते पाणी उकळून नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. आमचं ऑइल किती जुनं होतं हे मी इथे सांगत नाही, मला लाज वाटते. शिवाय आमच्या जीपला मास्टर सिलिंडर एकच, नळ्यांची वाट एकच. एक बिघडलं की चारही चाकं मोकळी.

ह्यांनी डोकं शांत ठेवलं. पेडल भराभर पंप केलं, तिसरा गिअर, मग कर्कश आवाज करत दुसरा. इंजिन ओरडत होतं. मागच्या सीटवर सासूबाईंचा णमोकार सुरू झाला होता, अगदी हळू, एका लयीत. डाव्या कडेला खडीचा ढीग होता, त्यात चाक घालून जीप उभी राहिली. मी उतरून आधी ठोकळा होईल असा दगड शोधला. हात कापत होते, पण दगड चांगला मोठा सापडला.

हे चाकावर पाणी ओतायला निघाले, तेव्हा मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "पानी मत डालना, ड्रम तड़क जाएगा!" तो जवळ आला, चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाला, "जिस गियर में चढ़ोगे, उसी में उतरना चाहिए." ही ओळ घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असते. आमच्या घरातल्यालाही होती. आम्ही तास-सव्वातास बसून राहिलो. बावनगजाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी दर्शनानंतरच घेतलं. ७८ वर्षांची बाई. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं ह्यांना जास्त लागलं.

घरी आल्यावर लायनर बदलले, ऑइल बदललं. ब्रेक पूर्वीसारखा झाला, म्हणजे पूर्वीसारखाच जड. मग करोनाची दोन वर्षं जीप शेडमध्ये राहिली, आणि २०२२च्या सुरुवातीला ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, जोर लावून दाबायची कामं बंद. त्याच वर्षी जीपच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. पुण्याहून मुलाचा फोन, "आई, विकून टाका ना ती. कोण चालवणार?" हे गप्प. सासूबाईही गप्प. आणि मी म्हटलं, "मी."

म्हणून टाकलं खरं, पण २००३चं फाटक माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं.

उत्तर माहेरी मिळालं. दिवाळीला धारला गेले होते. माझी भाची पीथमपूरला कारखान्यात इंजिनिअर आहे. आपल्या धार जिल्ह्याचं हे एक नवल आहे. मांडवाच्या महालांसाठी सगळे इथे येतात, पण याच जिल्ह्यात पीथमपूरला गाड्या तपासण्याचं नॅट्रॅक्स नावाचं मोठं केंद्र आहे. तिथली ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी २०२१मध्ये सुरू झाली, आणि ब्रेक तपासण्यासाठी वेगळी पट्टीही आहे. नव्या गाड्या तिथे पुन्हा पुन्हा थांबवून बघतात. मी भाचीला म्हटलं, "आमच्या जीपला कोण थांबवून बघणार?" ती हसली आणि चकल्यांच्या ताटाशेजारी कागद घेऊन बसली.

"आत्या, लोक काय चूक करतात सांगू? पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवतात आणि तेवढ्यावर थांबतात. मग म्हणतात, पेडल आणखी जड झालं."

असं का होतं, तर ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानं आपोआप आणखी ओढला जातो. चाकच ब्रेकला थोडी मदत करतं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारे पॅड. उघडी असल्यामुळे ती लवकर गार होते, पाणी झटकून टाकते, घाटात दम सोडत नाही. पण चाकाची ती फुकटची मदत तिच्यात नाही. सगळा जोर पायानंच द्यायचा. म्हणून सोबत बूस्टर हवा. बूस्टर म्हणजे पेडलमागचा मोठा गोल डबा. त्याच्या एका बाजूची हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तीच पुढे ढकलते.

"म्हणजे हवा माझ्या बाजूनं ढकलणार?"

"हो. पण ती पोकळी तयार कोण करणार? पेट्रोलच्या इंजिनात ती आपोआप मिळते, तुमच्या डिझेलमध्ये नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे छोटा पंप असलेला बदलून घ्यावा लागेल."

शिवाय मास्टर सिलिंडर दुहेरी घ्यायचा, असं तिनं दोनदा अधोरेखित केलं. त्यात दोन वाटा असतात, पुढच्या चाकांची एक, मागच्यांची एक. एक फुटली तरी दुसरी धरते. मी म्हटलं, हे तर आमचं देवासच झालं, थोरली पाती आणि धाकटी पाती! एका गावात दोन राजे, दोन दरबार. शाळेत याचं हसू यायचं. गणेश घाट पाहिल्यावर हसू येत नाही.

ह्यांना पटवणं ब्रेक बसवण्याहून कठीण गेलं. "बाबांनी तीस वर्षं अशीच चालवली." मी म्हटलं, बाबा नाल्यानंतर ब्रेक वाळवायचे, तुम्ही वाळवता का? त्यावर ते उठून गच्चीवर गेले. मला माझा टोला आवडला नाही. त्यांच्यासाठी ती जीप म्हणजे वडिलांचा खांदा होता, आणि आता स्वतःचा गुडघाही गेलेला. दोन दिवस आम्ही फक्त भाजी कोणती करायची एवढंच बोललो. शेवटी सासूबाईंनी जेवताना, कुणाकडे न पाहता, म्हटलं, "लावून घ्या तो ब्रेक. मला दिवसाउजेडी जायचंय एकदा बावनगजाला."

पैसे मी माझ्या भिशीतून दिले. सगळं मिळून ३८ हजार. हा आकडा मुद्दाम लिहिते, कारण बायकांच्या भिशीतून पैठण्या आणि बांगड्याच होतात असा समज आहे.

उस्ताद देवासचेच, जुन्या जीपगाड्यांत केस पांढरे झालेले. त्यांनी आधी रिम तपासलं, आत चिमटा बसतो की घासतो ते. मग त्याच जातीच्या, पण नंतरच्या गाडीचे पुढचे हब, तबकड्या आणि कॅलिपर जमवले. मागे ड्रमच ठेवायचे ठरलं. रोज दुपारी मी डबा घेऊन जायची आणि स्टुलावर बसायची. पहिल्या दिवशी त्यांचा पोरगा जुन्या ड्रममधली काळी भुकटी फुंकून उडवायला लागला, तेव्हा मी ओरडलेच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाऊन बसतं, असं भाचीनं बजावलं होतं. ओलं फडकं आणि तोंडाला रुमाल, असं मी त्याला करायला लावलं. पोरगा रुमालाआडून म्हणाला, "भाभीजी ने तो महाराज बना दिया." उस्तादांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाचव्या दिवशी जीप तयार झाली. उस्तादांनी भोपाळ रस्त्यावर एक फेरी मारली आणि परत आले तेव्हा पुढची चाकं हात लावता येणार नाही इतकी तापलेली. ब्रेक सुटतच नव्हता. माझ्या पोटात गोळा. हे नुसते बघत राहिले. "सांगितलं होतं" म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी भाचीला फोन लावून उस्तादांच्या कानाला दिला. घोळ सापडला. दुहेरी मास्टर सिलिंडर आला होता तो चारही ड्रमवाल्या गाडीचा. ड्रमसाठी त्यात छोटा व्हॉल्व्ह असतो, तो नळीत थोडा दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं. डिस्कला तेवढा दाब म्हणजे पॅड सतत टेकलेले. सिलिंडर बदलला, पुन्हा एकेका चाकाची हवा काढली. मी पेडल दाबायची, पोरगा खाली नट सैल करायचा. "दबाओ... पकड़ के रखो... छोड़ो." चार चाकं, दीड तास. त्या जीपच्या पेडलवर माझा पाय एवढा वेळ पहिल्यांदाच होता.

मग शेतातल्या त्याच मोकळ्या जागेत, ओल्या मातीत, हळू वेगात जोरात ब्रेक मारून पाहिला. मागची चाकं आधी अडकली तर गाडी फिरते, म्हणून चाकांचे ओरखडे बघायचे. पुढचे ओरखडे आधी सुरू झाले होते. फाटक समोर होतं. मी सीटवर नीट बसून होते, पाठ टेकवून.

एक गोष्ट मात्र गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगते. उतारावर डिझेल वाचवायला काहीजण इंजिन बंद करतात. बूस्टर असेल तर हे कधीच करू नका. इंजिन बंद झालं की पंप बंद. पेडल एक-दोन वेळा हलकं लागतं आणि मग पुन्हा भिंत. मी अंगणात उभ्या जीपवर हे करून पाहिलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पायाला २००३ आठवलं.

फेब्रुवारी २०२३मध्ये आम्ही तिघं निघालो, पहाटे पाचला. हे शेजारच्या सीटवर, सासूबाई मागे, पायाशी ठोकळा. गणेश घाटाच्या तोंडाशी मी तिसरा टाकला, मग दुसरा. मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला, वाजवू दिला. लागेल तिथे ब्रेक दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, टेकवून ठेवायचा नाही. वास आला नाही. खडीचा तो ढीग आता तिथे नव्हता, पण वळण मी ओळखलं. तेवढ्यात ह्यांच्याकडे लक्ष गेलं. ते समोर बघत होते, चेहरा अगदी निवांत, आणि उजवा पाय त्या पातळ चटईवर घट्ट दाबलेला.

"अहो, गुडघा," मी म्हटलं.

त्यांनी पाय उचलला. पुढच्या वळणावर पुन्हा ठेवला.

साडेदहाला दर्शन झालं. सासूबाई पायथ्याच्या धर्मशाळेत पोटभर जेवल्या. आणि जाताना उस्तादांच्या त्या पोरासाठी लाडू घेऊन आल्या. आता पावसाळ्याआधी मागचे लायनर बघायचे आहेत, थोडा आवाज येतोय. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, ते मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते, गॅसच्या नंबराखाली, दुधाच्या खाड्यांशेजारी.